चार जबडे आणि एक स्कूटर

त्या रविवारी भर दुपारी मेहुण्याने एका धडकेत चार माणसांचे जबडे फोडले. चौघेही त्या वेळी आपापल्या घरी जेवून आडवे झाले होते आणि आपल्या जबड्याचे तुकडे झाले आहेत याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

जबडे प्लास्टरचे होते. भावोजींच्या कारच्या डिकीत, जुन्या टॉवेलात गुंडाळून, एका खोक्यात शेजारी शेजारी ठेवलेले. कार भावोजींची, जबडे भावोजींच्या कामाचे, आणि ज्या फाटकाच्या खांबावर ती कार मागच्या मागे जाऊन आदळली तो खांबही भावोजींच्याच इमारतीचा. मेहुण्याचा या सगळ्यात वाटा म्हणाल तर एवढाच, की गाडी तो चालवत होता. जुन्या बाजारातून एक खुर्ची आणायची म्हणून सकाळी त्याने गाडी मागून नेली होती. खुर्ची आणली, आपल्या घरी उतरवली, गाडी परत द्यायला आला, आणि फाटकातून ती उलटी आत घेताना मागचे बघायच्या आरशात त्याला स्वतःचे केस दिसले. केस विस्कटले होते. ते त्याने सारखे केले.

"आणि तेवढ्यात खांब आला," त्याने वर जाऊन सांगितले.

"आला म्हणजे?" ताई म्हणाली. "चालत आला?"

ताई म्हणजे मेहुण्याची सख्खी मोठी बहीण आणि भावोजींची बायको. लहानपणी मेहुण्याने जे जे फोडले त्याचा मार तिने खाल्ला होता, त्यामुळे आता व्याजासकट वसूल करायचा तिला पूर्ण हक्क होता. भावोजी मात्र उठले. ते खाली गेले, चेपलेल्या डिकीचे झाकण दोन्ही हातांनी कसेबसे वर केले, आतले खोके उघडले आणि टॉवेल उलगडला. एका जबड्याची खालची अर्धी कड हातात आली, बाकी पावडर.

"हे गृहस्थ माप देताना दोनदा ओकले होते," भावोजी हळहळून म्हणाले. "आता परत बोलवायचं त्यांना."

भावोजी कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडात लगदा भरून माप घेतात, ते माप भावोजींकडे येते. भावोजी त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढतात, साच्यावर गुलाबी मेण चढवतात आणि त्या मेणात एकेक दात रोवतात. अशी मेणातली कवळी एकदा पेशंटच्या तोंडात घालून बघायची. हसताना बरी दिसते का, वरचे-खालचे जुळते का, ओठ फुगत नाही ना, हे सगळे बघून झाले की मग मेणाच्या जागी पक्का मसाला येतो आणि कवळी जन्माची होते. हे सारे घराच्या मागच्या खोलीत चालते. तिथे एक टेबल, एक स्पिरिटचा दिवा, घासायचे एक फिरते चाक, आणि चारी भिंतींवरच्या फळ्यांवर आ वासून बसलेले शंभरेक जबडे. शंभर तोंडे, आणि एकही बोलत नाही. भावोजींना दिवसभर त्याच खोलीत का बसावेसे वाटते, हा प्रश्न ताईच्या देखत कोणी विचारत नाही.

माणसाचा चेहरा म्हणून जो काही प्रकार असतो तो भावोजींनी नीट कधी बघितलेलाच नाही. ते थेट तोंडात बघतात. शेजाऱ्यांना ते "तो खालचे दोन पुढे आलेला" आणि "ती पिवळट शेड" अशा नावांनी ओळखतात. एखाद्या समारंभात कोणी खळखळून हसले की भावोजी ताईच्या कानाशी लागून अभिमानाने सांगतात, "माझी आहे." ताई सुरुवातीला दचकायची, आता विचारते, "वरची की दोन्ही?" एकदा ओळखीच्या एका म्हाताऱ्यांच्या अंत्यदर्शनाला जाऊन आले. ताईने पाण्याचा पेला दिला तेव्हा डोळे पुसत म्हणाले, "शेवटपर्यंत हलली नाही गं."

तर अशा माणसाची कार. वयाने बरीच मोठी, रंग एके काळी निळा. ती भावोजी इतक्या हळू चालवायचे की सायकलवाले मागे टाकून जाताना आत डोकावून त्यांची तब्येत विचारत. सगळे म्हणत, पेट्रोल वाचवतो. मेहुणाही तेच म्हणे. पण शेजारच्या सीटखाली, जिथे ऊन पोचत नाही आणि हादरा कमी बसतो तिथे, मेणातल्या कवळीचा डबा असायचा आणि त्याच्यासाठी भावोजी खड्ड्यांना वळसे घालत, हे कुणाला विचारावेसे वाटले नव्हते आणि भावोजींनी आपण होऊन सांगितले नव्हते. बोलण्याचे काम त्यांनी लग्नातच ताईकडे दिले होते.

गॅरेजवाल्याने गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. प्रत्येक फेरीत त्याचा चेहरा आणखी पडत गेला. शेवटी डिकीवर हात ठेवून, नाडी बघितल्यासारखे करून, तो म्हणाला, "ठोकून सरळ होईल, पण मनापासून होणार नाही." मग त्याने मनापासून व्हायचे तर किती लागतील तो आकडा सांगितला.

तो आकडा ऐकून मेहुण्याला आपल्या घरातली एक भिंत आठवली. त्या भिंतीवर त्याने वर्तमानपत्रे जोडून एक भलामोठा चौकोन चिकटवला होता. तेवढ्या आकाराचा टीव्ही त्याला घ्यायचा होता, आणि वर्षभर चहा-सिगरेट कमी करून त्याने त्याचे पैसे जमवले होते. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा आणि तो टीव्ही यांत फारसा फरक नव्हता.

"मोडली कोणी?" ताईने जेवताना विचारले.

"मी," मेहुणा म्हणाला.

"मग भरणार कोण?"

माणसावर असा प्रसंग आला की एकतर तो पैसे काढतो, नाहीतर डोके चालवतो. मेहुणा पंख्यांच्या कारखान्यात पगाराच्या हिशेबाचे काम करत असल्यामुळे त्याने दुसरा मार्ग धरला. भाजीत बोट बुडवून विचार केल्यासारखे करून तो म्हणाला, "ताई, भरण्याचा प्रश्न नाही. मी म्हणतो, मुळात भावोजींना कार हवी कशाला?"

ताईने घास खाली ठेवला.

"नाही, ऐक तर. भावोजी एकटा माणूस. सामान म्हणजे चार डबे. त्यासाठी हा एवढा लोखंडाचा डोंगर गावभर हिंडवायचा? चार टायर. विमा. दरवर्षीची सर्व्हिसिंग. पार्किंगचे पैसे वेगळे. कारला एका लिटरमध्ये जेवढं अंतर जातं, त्याच्या तिप्पट स्कूटर जाते. तिप्पट! आहे ती गाडी विका, जशी आहे तशी. एक स्कूटर घ्या. दोन वर्षांत स्कूटरचे पैसे सुटतात आणि तिथून पुढे निव्वळ नफा."

"म्हणजे तू आमची गाडी ठोकलीस ती आमच्या भल्यासाठी," ताई म्हणाली.

"मी तसं म्हणत नाही. पण आता ठोकलीच आहे, तर…"

"पावसात काय करायचं?"

"रेनकोट. एकदाच घ्यायचा."

"प्लास्टरची पोती?"

"दुकानवाला पोचवतो की. थोडे पैसे घेतो, ते धरले मी."

"आणि मी?"

"तू मागे बसशील."

"ते नाही विचारत. मला खर्चात धरलंस की बचतीत?"

मेहुण्याने तिला मनातल्या मनात रविवारच्या टॅक्सीखाली धरले होते, पण ते सांगण्याइतका तो भोळा नव्हता.

खरे म्हणजे त्याच्या गणितात खोट अशी नव्हती. पेट्रोलचे, टायरांचे, विम्याचे सगळे आकडे बरोबर होते. तिप्पट म्हणजे तिप्पटच. पण माणूस असले गणित करायला बसतो तेव्हा उत्तर आधीच खिशात घालून बसतो. ज्याला कार हवी असते त्याच्या गणितात पाऊस रोज पडतो, आणि ज्याला स्कूटर हवी असते त्याच्या गणितात वर्षभर कोवळे ऊन असते. मेहुण्याला यांतले काहीच नको होते, त्याला टीव्ही हवा होता; त्यामुळे त्याच्या गणितातले हवामान फारच सुरेख होते.

"भावोजी, तुम्ही बोला ना," तो म्हणाला.

भावोजी त्याच्या तोंडाकडेच बघत होते. "तुझी उजवीकडची दाढ किडत चाललीय," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "चालवून बघू."

गाडी गॅरेजात न पाठवता खांबाजवळच एका कडेला लावून ठेवली, डिकीला दोरी बांधली, आणि मेहुण्याने आपली स्कूटर आठवडाभरासाठी भावोजींना दिली. स्वतः तो बसने कामाला जाऊ लागला. टीव्हीसाठी माणूस एवढे करतो.

भावोजी कॉलेजात असताना कधीतरी स्कूटर चालवत, त्यानंतर थेट आता. पहिल्या दिवशी त्यांनी हेल्मेट घातले तेव्हा ताई दारात उभी राहून हसून हसून खाली बसली. "अहो, कवळीचा डबा वाटतोय," ती म्हणाली. भावोजींनी काच खाली ओढली आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत पाय जमिनीवर घासत, कोपऱ्यानंतर पाय वर.

आणि मग जे झाले ते कुणाच्याच हिशेबात नव्हते. भावोजी सुटले.

त्या आठवड्यात सुरुवातीला सगळे पक्के काम होते. झालेल्या, घासूनपुसून चकचकीत केलेल्या कवळ्या डॉक्टरांकडे पोचवायच्या. त्या आपटल्या तरी काही होत नाही. त्यामुळे खड्डे चुकवायचे कारण नव्हते, हळू जायचे कारण नव्हते. इतकी वर्षे बैलगाडीच्या चालीने शहर बघितलेल्या भावोजींना एकदम वारा लागला. ज्या गल्लीत कार शिरत नव्हती तिथून ते आरपार जाऊ लागले. पार्किंगसाठी घिरट्या घालायच्या नाहीत, दोन गाड्यांच्या फटीत स्कूटर सारायची आणि वर जायचे. दुपारच्या जेवणाला ते वेळेवर यायला लागले. ताई घाबरली. तिचा स्वयंपाक झालेला नसायचा.

एकदा चौकात पोलिसाने अडवले. लायसन्स बघितले, मग स्कूटरच्या सीटकडे बोट करून म्हणाला, "उघडा." भावोजींनी सीट वर केली. आतल्या डब्याचे झाकण हिसक्याने निघाले होते. तीन संच पांढरेशुभ्र दात पोलिसाकडे बघून हसत होते. पोलिसाने हळूच सीट खाली केली आणि विचारले, "मालक कुठायत यांचे?"

"वाट बघतायत," भावोजी म्हणाले.

पोलिसाने त्यांच्यासाठी चौकातली सगळी गर्दी थांबवून रस्ता करून दिला.

हे भावोजींनी घरी येऊन स्वतःहून सांगितले. इतके सलग ते लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असतील. शुक्रवारी तर ते शीळ घालत जिना चढले. "चांगली आहे रे स्कूटर," ते मेहुण्याला फोनवर म्हणाले. "केसांना वारा लागतो."

"त्यासाठी आधी केस लागतात," मागून ताईचा आवाज आला.

मेहुण्याने लोखंड गरम आहे तोवर धावपळ केली. गिऱ्हाईक शोधले. ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा एक गृहस्थ त्याच्या ओळखीचा होता. तो शुक्रवारी संध्याकाळी येऊन कार बघून गेला. चेपलेली डिकी बघून त्याचा चेहरा खुलला. "मला अशीच हवी," तो म्हणाला. "नवीन गाडीत शिकायला बसवलं की लोकांचे हातपाय लटपटतात. आधीच ठोकलेली असली की मन मोकळं होतं." उद्या, शनिवारी संध्याकाळी, पैसे घेऊन येतो म्हणाला.

शनिवारी मेहुण्याला सुट्टी होती. विजयाची शेवटची फेरी बघायला तो सकाळीच भावोजींकडे हजर झाला. मागच्या खोलीत भावोजी एका मेणातल्या कवळीवरून शेवटचा हात फिरवत होते. कवळी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची होती. बाईंच्या जुन्या शाळेत पुढच्या आठवड्यात त्यांचे भाषण होते, तोवर दात हवे होते, आणि भावोजींनी ते काम जीव लावून केले होते. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढवले होते, कारण बाईंच्या तरुणपणच्या फोटोत ते तसे होते. भावोजींचे निम्मे काम ज्या दवाखान्यातून यायचे तिथल्याच डॉक्टरीणबाईंच्या त्या पेशंट, आणि फुटलेल्या चार जबड्यांचे मालकही त्याच दवाखान्याचे. ते प्रकरण डॉक्टरीणबाई अजून विसरल्या नव्हत्या.

"मी मागे बसतो," मेहुणा म्हणाला. "डबा माझ्या मांडीवर द्या."

भावोजींनी त्याच्या हातांकडे बघितले. "नको. तुझ्या हातून चार गेले. हा सीटखालीच राहू दे."

आणि इतकी वर्षे जसा कारमध्ये सीटखाली ठेवायचे, तसाच, त्याच सवयीने, त्यांनी तो डबा स्कूटरच्या सीटखाली ठेवला. वर दोघे बसले.

ऊन चांगलेच चढले होते. भावोजी आता वाऱ्याच्या नादाला लागले होते, शिवाय मागे प्रेक्षक होता. खड्डे आले, ते गेले. मधे मेहुण्याने एके ठिकाणी थांबायला लावून स्कूटरच्या दुकानाच्या काचेतून दोन मॉडेले दाखवली. भावोजींना लाल आवडली. तेवढा वेळ त्यांची स्कूटर उन्हात उभी होती, खाली तापलेले इंजिन आणि वर तापलेली काळी सीट, मधे मुख्याध्यापिकाबाईंचे हास्य.

दवाखाना एका चपलांच्या दुकानावर होता. आत एक खुर्ची, एक दिवा, आणि एका भांड्यात एकच मासा, जो पेशंटसारखाच तोंड उघडून बसलेला असायचा. मुख्याध्यापिकाबाई गळ्याला रुमाल बांधून ताठ बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला, त्यात नीट न बघताच, हात ओला करून कवळी उचलली आणि बाईंच्या तोंडात बसवली. मग आरसा दिला.

बाईंनी आरशात बघितले. बराच वेळ बघितले.

वरचे पुढचे दोन दात एकमेकांकडे पाठ करून उभे होते. त्यांच्या बाजूचा एक आडवा झाला होता. सुळा खाली घसरून ओठाबाहेर काय चाललेय ते बघत होता, आणि मागच्या दाढा भांडण सोडवायला निघाल्यासारख्या पुढे सरकल्या होत्या.

"हे दात नाहीत," मुख्याध्यापिकाबाई शांतपणे म्हणाल्या. "ही मधली सुट्टी आहे."

मेहुण्याला हसू फुटले. फुटायला नको होते, पण फुटले. बाईंनी नुसती मान वळवली, आणि तीस वर्षांचा पगारदार माणूस आपोआप भिंतीला टेकून हात मागे बांधून उभा राहिला.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या भावोजींना म्हणाल्या, "याच आठवड्यात चौघांना परत माप द्यायला बोलवायची पाळी आणलीत. आज हे. माझ्याकडे माणसं एकदा तोंड उघडायला कशीबशी तयार होतात हो, दोनदा नाही होत. कसलं वाहन आणलंय तुम्ही?"

"स्कूटर," भावोजी म्हणाले.

"डबा कुठे ठेवला होतात?"

"सीटखाली."

म्हटले आणि भावोजी स्वतःच पुढे झाले. त्यांनी डब्याला हात लावून बघितला. डबा चहाच्या कपाइतका गरम होता. त्यांचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत मेण उन्हात नेणाऱ्यांना हसलेला माणूस, त्याने ते चुलीवरच ठेवून आणले होते.

"नवीन लॅबची व्हॅन येते माझ्याकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतून थंडगार. मी आजवर त्यांना काम दिलं नाही. पुन्हा असं झालं तर देईन."

 भावोजींनी दवाखान्यातलाच स्पिरिटचा दिवा मागून घेतला, थंड पाण्याची वाटी घेतली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. एकेक दात उचलून जागेवर आणू लागले. मेहुण्याला काम एकच, बाईंचा तरुणपणचा फोटो समोर धरून उभे राहायचे. हात खाली गेला की बाई म्हणत, "सरळ." शेवटी कवळी तोंडात गेली, बाईंनी आरशात बघितले, आणि पुढचे चढलेले दोन दात जिभेने चाचपून त्या गालातल्या गालात हसल्या. "बरं," एवढेच म्हणाल्या. मेहुण्याने शाळेनंतर इतकी वर्षे कुणाच्या "बरं"साठी श्वास रोखून धरला नव्हता.

जिना उतरताना मेहुणा वाट बघत होता, की भावोजी आता त्याला चार शब्द सुनावतील. भावोजी म्हणाले, "डबा गळ्यात अडकवायचा. पट्टा लावून."

"काय?"

"मेणाचा डबा. गळ्यात. आत बर्फाची पिशवी. आणि हळू जायचं."

"हळू जायचं तर स्कूटरची मजा काय?" मेहुणा म्हणाला.

"परत येताना जोरात यायचं. रिकाम्या डब्यानं." भावोजींच्या डोळ्यांपुढून ती लाल स्कूटर हललेली नव्हती. "लाल छान होती."

मेहुण्याला खरे तर आनंद व्हायला हवा होता. एवढे झाल्यावरही भावोजी मेहुण्याचेच गणित धरून बसले होते. पण मागच्या सीटवर बसून, रिकामा डबा आता मांडीवर घेऊन येताना त्याच्या डोक्यात नकोसे आकडे फिरू लागले. पेट्रोल तिप्पट वाचते, ते वाचते. पण निम्मे काम गेले तर वाचलेल्या पेट्रोलमध्ये जायचे कुठे? आणि गळ्यात बर्फ बांधून, डबा पोटाशी धरून, खड्ड्यांवरून जाणारे भावोजी त्याला दिसू लागले. एखाद्या सिग्नलला कोणी मागून ठोकले तर मुख्याध्यापिकाबाईंचे दात भावोजींच्या छातीत. हे त्याने कुठेच धरले नव्हते. गणितात ज्याला रकाना नाही अशी गोष्ट नेमकी मोठी निघते.

इमारतीच्या फाटकाशी ड्रायव्हिंग स्कूलवाला उभा होता. हातात पाकीट, चेहऱ्यावर सणासुदीचे हसू. त्याने कारच्या चेपलेल्या डिकीवर प्रेमाने थाप मारली.

"चला, कागद करून टाकू," तो म्हणाला.

भावोजींनी स्कूटर स्टँडवर लावली, हेल्मेट काढले आणि किल्लीसाठी खिशात हात घातला.

मेहुण्याच्या डोळ्यांपुढून भिंतीवरचा तो वर्तमानपत्राचा चौकोन एकदा सरकत गेला. अगदी रंगीत दिसत होता.

"गाडी विकायची नाही," तो म्हणाला.

"अहो, तुम्हीच तर मला बोलावलंत!"

"मीच बोलावलं. आता मीच सांगतोय. नाही विकायची."

"आणखी थोडे वाढवून देऊ का?"

"पैशाचं नाही हो. ती डिकी आम्ही नीट करून घेतोय."

"नीट करताय?" ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला धक्काच बसला. "मग तर मलाच नको. मी त्या डिकीसाठीच घेत होतो." आणि फसवले गेल्यासारखा तो पाकीट खिशात कोंबून निघून गेला.

वरच्या खिडकीतून ताईने विचारले, "काय झालं रे? पैसे मिळाले का?"

"नाही. मी भरतोय," मेहुणा वर बघून ओरडला.

"काय? परत म्हण, ऐकू नाही आलं."

तिला स्पष्ट ऐकू आले होते. शेजारच्या दोन खिडक्यांनाही आले होते. मेहुण्याने परत म्हटले.

भावोजी कारला टेकून उभे होते. किल्ली अजून हातातच होती, आणि चेहऱ्यावर लाल स्कूटर गेल्याचे दुःख आणि निळी कार राहिल्याचे समाधान अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसत होत्या. म्हणजे दिसत असाव्यात, कारण भावोजींचा चेहरा कुणी फारसा बघत नाही. मेहुण्याला मात्र एवढ्यावर गप्प बसणे जमेना. पैसे जाणार ते जाणार, निदान गणित तरी शाबूत राहावे असे त्याला वाटत होते.

"पण एक मानावंच लागेल, भावोजी," तो म्हणाला. "माझा हिशेब चुकलेला नव्हता. पक्क्या कामाला स्कूटर स्वस्त. मेणाच्या कामाला कार स्वस्त. पक्कं काम जास्त असतं, म्हणजे फेऱ्यांच्या मानानं बघितलं तर स्कूटरच पुढे. पण मेण एकदा बिघडलं की सगळी बचत धुऊन निघते, म्हणजे तिकडून बघितलं तर कार. मी तर म्हणतो, दोन्ही ठेवली तर… नाही, दोन विमे होतात. तुम्हीच सांगा आता, या सगळ्या आठवड्यात शेवटी फायदा कुणाचा झाला?"

"गॅरेजवाल्याचा," भावोजी म्हणाले. "आणि पैसे तू देतोयस."